ऑफिसचं बिऱ्हाड हलवताना: वाचकांचे प्रश्न

कंपनीची जागा बदलण्याबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत आणि प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न: आमची साठ जणांची कंपनी. नव्या जागेचा करार पुढच्या आठवड्यात होईल आणि संचालकांनी तीन महिन्यांनंतरची १ तारीख जाहीरही करून टाकली आहे. एवढ्या वेळात जमेल का? सुरुवात कुठून करायची? (प्रशासन व्यवस्थापक)

उत्तर: जमेल, पण तारीख संचालकांपेक्षा इंटरनेटची लाइन ठरवते. फर्निचर चार-सहा आठवड्यांत येतं, रंगकाम आठवडाभरात उरकतं, सामान तर दोन दिवसांत हलतं. लीज्ड लाइनसाठी (फक्त तुमच्या कंपनीसाठी घेतलेली इंटरनेटची लाइन) मात्र आधी पाहणी, मग इमारतीच्या डक्टमधून केबल न्यायला मालकाची परवानगी, आणि रस्ता खोदायची वेळ आली तर त्याची वेगळी परवानगी, असं करत एक ते तीन महिने सहज जातात. म्हणून करारावर सही व्हायच्या आधीच मालकाला दोन गोष्टी विचारा: इमारतीत कोणाकोणाची फायबर आधीपासून आली आहे, आणि दुसऱ्या इंटरनेट कंपनीला आत यायला मनाई तर नाही ना? काही इमारतींत एकाच कंपनीचा मक्ता असतो, आणि ते सही झाल्यावर कळतं.

लाइन सुरू होईल त्या दिवसापासून पुढे दोन आठवडे मोजा आणि तिथे हलवण्याची तारीख धरा. तिथून मागे मोजत बाकीची कामं लावा. नव्या जागेतल्या कामांचा क्रम चुकला की तोडफोड अटळ: आधी वीज, एसीचे डक्ट आणि अग्निशमनाचे पाइप, मग नेटवर्कच्या केबल, त्यांची चाचणी, आणि त्यानंतरच फॉल्स सीलिंग बंद. मग रंग, कार्पेट, शेवटी टेबलं. इंटीरियरवाल्याला सीलिंग बंद करायची घाई असते, कारण त्याचं बिल त्या टप्प्यावर निघतं. केबलच्या चाचणीचा अहवाल हातात आल्याशिवाय सीलिंग बंद करायचं नाही, असं त्याच्या कामाच्या आदेशातच लिहा.

१ तारखेचा हट्ट मात्र सोडायला सांगा. महिन्याची अखेर आणि सुरुवात म्हणजे पगार, बिलं, हिशेब. महिन्याच्या मधला शनिवार-रविवार धरा. जुन्या आणि नव्या जागेचं भाडं तीन-चार आठवडे दोन्हीकडे भरावं लागेल. ते वाचवायला गेलेल्या कंपन्या अर्धवट जागेत शिरतात आणि सुतार करवत चालवत असताना काम करतात. पैसे वाचवायचेच असतील, तर सजावटीच्या काळात भाडं माफ करण्याबद्दल नव्या मालकाशी करारापूर्वी बोला. जुन्या जागेची नोटीस मात्र नव्या जागेच्या ताब्याची तारीख लेखी मिळाल्यावरच द्या.

प्रश्न: एक रॅक (यंत्रं बसवायची लोखंडी चौकट), चार सर्व्हर, एक स्टोरेज (सर्व्हरच्या सामायिक डिस्कचं यंत्र), यूपीएस, आणि आयटीत आम्ही दोघंच. शुक्रवारी संध्याकाळी बंद करून सोमवारी सकाळी सगळं चालू हवं, असं वरून सांगितलं आहे. काय काय बिघडू शकतं? (आयटी विभागातून)

उत्तर: वाहतुकीत फार थोडं बिघडतं. बिघडतं ते बंद करून पुन्हा चालू करताना, आणि ते तुम्ही आजच शोधून काढू शकता. हलवण्याच्या दोन आठवडे आधी प्रत्येक यंत्र एकदा पूर्ण बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि चालू करा. तीन-चार वर्षं अखंड फिरलेली हार्ड डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असं नाही. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी मेलेली असेल तर घड्याळ मागे जातं, आणि वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की विंडोज डोमेनचं (कंपनीतल्या सगळ्या संगणकांचं एकत्रित) लॉगिन अडतं. स्विचवर (नेटवर्कच्या केबल एकत्र येतात त्या यंत्रावर) वर्षभरापूर्वी केलेले बदल कोणी सेव्हच केलेले नसतात. वीज जाताच स्विच जुन्या सेटिंगवर परततो आणि अर्धं नेटवर्क का दिसत नाही, हे शोधण्यात रविवार जातो. हे सगळं जुन्या जागेत, सवडीनं उघडं पडलेलं बरं.

बॅकअपच्या दोन प्रती ठेवा, त्यातली एक सर्व्हरच्या गाडीतून नेऊ नका. बॅकअपमधून एखादा डेटाबेस खरोखर परत उभा करून बघा. न तपासलेला बॅकअप हा नुसता समज असतो. रॅकचे पुढून-मागून फोटो काढा, प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवा. बंद करण्याचा क्रम: ॲप्लिकेशन, डेटाबेस, व्हर्च्युअल मशिन (सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक), सर्व्हर, स्टोरेज, स्विच, शेवटी यूपीएस. चालू करताना नेमकं उलटं. स्टोरेज पूर्ण जागं होण्याआधी सर्व्हर चालू केला तर त्याला डिस्क दिसत नाही आणि घबराट उगाच होते.

भरलेला रॅक चाकांवर ढकलत नेण्याचा मोह टाळा. लिफ्टच्या उंबऱ्याशी तो अडखळतो आणि वरचं वजन पुढे येतं. सर्व्हर उतरवून फोमच्या खोक्यांत न्या. डिस्क बाहेर काढल्या तर खाचेचा क्रमांक प्रत्येकीवर लिहा, कारण रेडमधल्या (अनेक डिस्क मिळून एक म्हणून चालवण्याच्या रचनेतल्या) डिस्कची अदलाबदल म्हणजे संकटाला आमंत्रण. यूपीएसच्या बॅटऱ्या सुट्या करून, टोकांना इन्सुलेशन लावून न्यायच्या. नव्या जागी त्या पूर्ण चार्ज झाल्याशिवाय त्यांच्यावर भरवसा ठेवू नका.

नव्या खोलीत उष्णतेचा हिशेब आधी करा. सर्व्हर जितके वॅट खातो तितकी उष्णता बाहेर टाकतो. चार सर्व्हर मिळून २ किलोवॅट आणि बाकी ५०० वॅट धरले तर अडीच किलोवॅट, म्हणजे तासाला साधारण ८,५०० बीटीयू (उष्णतेचं एकक). एक टनाचा एसी १२,००० बीटीयूंचा असतो, त्यामुळे एक पुरतो. तरीही दोन लावा आणि आळीपाळीनं चालवा. इमारतीचा मध्यवर्ती एसी रात्री व सुट्टीला बंद होतो, हे पुष्कळांना पहिल्या रविवारी कळतं. आणि जिप्समच्या बोर्डांची कापाकापी संपून खोली पुसून होईपर्यंत सर्व्हर चालू करू नका. ती पांढरी धूळ पंख्यांवाटे थेट आत जाते.

आता सगळ्यात विसरली जाणारी गोष्ट. नवी लाइन म्हणजे बहुधा नवे पब्लिक आयपी पत्ते (इंटरनेटवर तुमचं ऑफिस ज्या क्रमांकांनी ओळखलं जातं ते). जुना पत्ता कुठेकुठे नोंदलेला आहे त्याची यादी महिनाभर आधी करा: बँकेचं पोर्टल, ग्राहकांचे फायरवॉल, घरून काम करणाऱ्यांचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी), मेलची एसपीएफ नोंद (तुमच्या नावानं मेल कुठून पाठवता येते त्याची यादी), रिव्हर्स डीएनएस (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद), कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. बँकेला फॉर्म लागतो, त्यावर सह्या लागतात, शनिवारी रात्री ते होत नाही. डीएनएसचा टीटीएल (तुमच्या नावामागचा पत्ता इतर यंत्रं किती वेळ लक्षात ठेवतात ती मुदत) पुष्कळदा ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण दिवस ठेवलेला असतो. तो दोन दिवस आधी ३०० वर आणा.

आमचं मत विचाराल तर सर्व्हर आणि माणसं एकाच शनिवार-रविवारी हलवू नका. लाइन वेळेत आली तर सर्व्हर आठवडाभर आधी न्या आणि दोन्ही जागा व्हीपीएननं जोडा. तितकं शक्य नसेल तर रविवारी दुपारी दोनची वेळ पक्की करा: तोवर मुख्य यंत्रणा उभी राहिली नाही, तर सोमवारी सगळे घरून काम करतील, असा निरोप जाईल. हा निर्णय कोण घेणार, त्याचं नाव आधीच लिहून ठेवा. मध्यरात्री तो घ्यायला कोणीच पुढे येत नाही.

प्रश्न: नव्या ऑफिसात प्रत्येक टेबलाला नेटवर्कचे किती पॉइंट द्यावेत? आता सगळं वायफायवरच चालतं ना?

उत्तर: टेबलाला दोन. भिंत पुन्हा फोडण्याच्या खर्चापुढे जास्तीची केबल काहीच नाही. पॅच पॅनेलपासून (सर्व्हर खोलीतली, केबलची टोकं बसवायची पट्टी) भिंतीतल्या पॉइंटपर्यंतची तांब्याची केबल ९० मीटरच्या आत आणि दोन्हीकडच्या कॉर्ड धरून १०० मीटरच्या आत हवी. मोठ्या मजल्यावर सर्व्हर खोली एका कोपऱ्यात टाकली की ही मर्यादा ओलांडली जाते, कारण केबल सरळ जात नाही, वर चढते, वळते, खाली उतरते. विजेच्या तारांबरोबर ती एकाच पाइपातून नेऊ देऊ नका. वायफायचे ॲक्सेस पॉइंट (सिग्नल देणारी यंत्रं) पंचवीस-तीस माणसांमागे एक असे धरा, पण त्यांच्या जागा काचेच्या भिंती आणि कपाटं बसल्यावर मोजून पक्क्या करा. रिकाम्या हॉलमध्ये सिग्नल सगळीकडे छानच दिसतो.

प्रश्न: आमच्याकडे कागद फार. जुने कॉम्पॅक्टर (रुळांवर सरकणारी फायलींची कपाटं) तसेच नव्या जागी बसवायचे आहेत, शिवाय संचालकांचं बारा फुटी मीटिंगचं टेबल आहे. पॅकर्स म्हणतात काळजी करू नका. (लेखा विभाग)

उत्तर: पॅकर्सचं काम उचलून ठेवणं. फरशी पेलेल का, हे त्यांनी सांगायचं नसतं. ए-४ आकाराचा साधा ८० ग्रॅमचा कागद वजनाला ५ ग्रॅम, म्हणजे ५०० कागदांचं रीम अडीच किलो. फायलींनी भरलेली एक मीटर फळी ३५ किलोंची धरा. सहा फळ्यांचा, दोन्ही बाजूंनी भरणारा, ९० सेंटिमीटर रुंदीचा एक कॉम्पॅक्टर म्हणजे जवळपास ११ मीटर फळी, ३८० किलोंच्या आसपास कागद, आणि तो उभा राहतो पाऊण चौरस मीटरवर. म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोंहून जास्त, लोखंडाचं वजन वेगळंच. सर्वसाधारण कार्यालयाची फरशी चौरस मीटरला अडीचशे-तीनशे किलोंच्या भारासाठी आखलेली असते. कॉम्पॅक्टर एकमेकांना चिकटून उभे राहतात, मध्ये मोकळी जागा नसते, म्हणून भार वाटलाही जात नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्या, किंवा कागदांची खोली तळमजल्यावर न्या. यूपीएसच्या मोठ्या बॅटऱ्यांनाही हेच लागू: १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी तीसेक किलोंची, आणि अशा वीस एका स्टँडवर असतात.

त्याआधी कागद कमी करा. किती वर्षं जपायचा हे कायदा आणि तुमचे लेखापरीक्षक सांगतील. मुदत संपलेलं तिथेच फाडून टाका. गाडीत भरून नेऊन नव्या जागी टाकून द्यायचं, हा दुहेरी खर्च दर दुसऱ्या कंपनीत होतो.

टेबलाचं म्हणाल तर टेप घेऊन लिफ्टमध्ये जा. आतली उंची २.३ मीटर आणि खोली १.४ मीटर असेल तर तिरकी लांबी २.७ मीटर भरते. बारा फूट म्हणजे साडेतीन मीटरहून जास्त. जिन्याच्या वळणावरही ते अडेल. वरचा पृष्ठभाग दोन तुकड्यांचा असेल तर खोलून न्या. अखंड असेल तर विकून टाका, फार हळहळ नको. दरवाजे, लिफ्ट आणि गाडी उभी राहण्याच्या जागेची उंची, तिन्ही दोन्ही इमारतींत मोजा. सामानाची लिफ्ट लेखी आरक्षित करा. रविवारी ती चालवणारा माणूस येणार आहे का, हेही विचारा.

प्रश्न: खोक्यांवर विभागाचं नाव लिहिलं तरी मागच्या वेळी सगळी सरमिसळ झाली होती. लेबल कसं असावं?

उत्तर: खोकं कुठून आलं याच्याशी हमालाला देणंघेणं नसतं, कुठे ठेवायचं ते त्याला हवं. नव्या जागेच्या नकाशावर प्रत्येक टेबलाला क्रमांक द्या आणि तोच लेबलावर: मजला, विभागाचा रंग, टेबल क्रमांक, ‘३ पैकी १’. लेबल बाजूला चिकटवा, झाकणावर नको. एकावर एक रचली की झाकण दिसत नाही. तोच रंग आणि क्रमांक नव्या जागी दारावर व टेबलावर शुक्रवारीच लावून ठेवा. माणशी दोन खोकी, खोक्यात २० किलोंहून जास्त नको. कुंड्या, औषधं, पैसे आणि घरचा डबा ज्याचा त्यानं न्यावा. मॉनिटरच्या केबल आणि कीबोर्ड एका झिपच्या पिशवीत घालून ती त्याच मॉनिटरला बांधा. भाड्याची मोठी झेरॉक्स-प्रिंटर यंत्रं पुरवठादारालाच हलवू द्या. टोनर आत ठेवून तिरकी केली की पावडर आतभर पसरते आणि दुरुस्ती करारातून नाकारली जाते. आणि विम्याची पॉलिसी वाचा: कर्मचाऱ्यांनी स्वतः भरलेल्या खोक्यांतल्या मोडतोडीची भरपाई पुष्कळदा वगळलेली असते.

प्रश्न: हलवून झालं, पण जुनी जागा परत करताना मालक डिपॉझिट अडवतील अशी भीती आहे. काय पाहावं?

उत्तर: हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं होतं ते इथेच. करारात जागा ‘मूळ स्थितीत’ परत करायची असं असेल तर मूळ म्हणजे काय, हे ताबा घेतानाच्या फोटोंवरून ठरतं. फोटो नसतील तर पार्टिशनं काढायची की ठेवायची, हे मालकाकडून लेखी घ्या. काढायची असतील तर दोन आठवडे धरा. सीलिंगमागच्या जुन्या केबल, दारावरच्या पाट्या, भिंतीतले खिळे, सगळं त्यात येतं. वीज-पाण्याच्या मीटरचं रीडिंग फोटोसकट, किल्ल्या आणि कार्डं मोजून, ताबापत्रावर दोघांच्या सह्या.

टाकून द्यायच्या संगणकांतल्या डिस्क भंगारवाल्याला तशाच देऊ नका. फाइल डिलीट केली किंवा झटपट फॉरमॅट मारला तरी माहिती परत काढता येते. पुसून किंवा भोसकून नष्ट केल्याचा दाखला क्रमांकवार घ्या. जुना फोन नंबर नव्या फोन कंपनीकडे नेता येत असेल तर तो तिकडे चालू होऊन दोन्ही दिशांनी बोलणं झाल्यावरच जुनी लाइन बंद करा. आधी बंद केली की नंबर हातचा जातो. पत्ता बदलल्याची नोंद कंपनी निबंधक, कर खाती, बँका, विमा आणि नकाशाच्या ॲपवर करा. जुन्या इमारतीच्या सुरक्षारक्षकाकडे नवा पत्ता आणि एक फोन नंबर लिहून ठेवा, कारण कुरियरवाले आणखी सहा महिने तरी तिथेच येत राहतात.