आधी भीती की आधी धडधड?

प्रश्न : आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घरात पाणी शिरले होते. आता कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी वीस फूट असली, तरी कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी कानावर पडताच, मनात काही विचार येण्याआधीच छाती धडधडू लागते. हा माझ्या मनाचा दुबळेपणा आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, हा दुबळेपणा मुळीच नव्हे. ‘विचाराआधी धडधड’ हे तुमचे निरीक्षण मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांच्या १८८४ मधील सिद्धान्ताशी जुळते : शरीर आधी थरथरते आणि त्या थरथरीची जाणीव म्हणजेच भीती. शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२७ मध्ये यावर हरकत घेतली, की धडधड तर रागातही होते आणि तापातही. मग केवळ तिच्यावरून भावना कशी ओळखणार?

शॅक्टर आणि सिंगर या मानसशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये असे मांडले, की शरीराची उत्तेजना आणि तिला आपण लावलेला अर्थ मिळून भावना घडते. त्यांच्या प्रयोगात ॲड्रेनॅलिनचे (धडधड वाढवणाऱ्या संप्रेरकाचे) इंजेक्शन दिलेल्या ज्या व्यक्तींना त्याचा परिणाम आधी सांगितला होता, त्यांच्यावर शेजारच्या माणसाच्या मनःस्थितीचा प्रभाव कमी पडला. पुढच्या प्रयोगांनी या निष्कर्षाला पूर्ण दुजोरा दिला नाही, तरी धडधडीचे कारण ठाऊक असणे उपयोगी ठरते, हा त्यातला भाग मला मोलाचा वाटतो.

तुमच्या बाबतीतले कारण स्पष्ट आहे. ठरावीक आवाजापाठोपाठ सौम्य विजेचा झटका बसलेले उंदीर पुढे नुसत्या आवाजानेही गोठून जातात, आणि मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी दाखवले, की तो आवाज मेंदूतील अमिग्डाला या धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या भागापर्यंत, विचारांना वळसा घालणाऱ्या एका आखूड वाटेनेही पोहोचतो. त्या पुराच्या दिवसांनंतर तुमच्यासाठी ‘विसर्ग’ हा शब्द तसाच आवाज झाला आहे. अशी शिकलेली भीती पुसली जात नाही. तिच्यावर नवा, सुरक्षित अनुभव साचत जातो, आणि म्हणूनच पावसाळा आला की ती पुन्हा डोके वर काढते.

तेव्हा धडधड थांबवण्याची धडपड करू नका. ‘ही २०१९ ची आठवण आहे’ असे स्वतःशी म्हणा आणि मग पातळीचा आकडा पाहा : इशारा पातळी चाळीस फूट, धोका पातळी पंचेचाळीस फूट, त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांवर गेले होते. मात्र झोप उडत असेल किंवा रोजची कामे अडत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटा. सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे.