पॉम फाइलमध्ये (जावा प्रोजेक्ट बांधणाऱ्या मेव्हन या टूलची लायब्ररींची यादी) लॉगफोरजे (नोंदी ठेवणारी जावा लायब्ररी) लिहिलेलंच नाही, तरी सुरक्षा स्कॅनर ते दाखवतो. ते आलं कुठून, हे कसं शोधू?

मेव्हनची 'डिपेन्डन्सी ट्री' कमांड (कोणती लायब्ररी कोणामुळे आली ते झाडासारखं दाखवते) चालवा आणि 'इन्क्लूड्स'मध्ये लॉगफोरजेचा ग्रुप आयडी (मेव्हनमधलं त्याच्या गटाचं नाव) द्या. अख्ख्या झाडाऐवजी तेवढीच फांदी दिसेल. टोकाला लॉगफोरजे-कोअर (प्रत्यक्ष काम करणारा भाग) असेल. तिथून एकेक पायरी वर चढा: तुमच्या प्रोजेक्टच्या लगेच खाली जी लायब्ररी दिसते, तिनेच ते आणलंय. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आल्या तर मेव्हन सगळ्यात कमी पायऱ्यांवरची उचलतो, सगळ्यात नवी नाही (हा नियम मेव्हनच्या अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्येच आहे), म्हणून जुनी आवृत्ती नकळत आत येते. लॉगफोरजे आणणाऱ्या लायब्ररीला हात लावू नका. पॉममधल्या 'डिपेन्डन्सी मॅनेजमेंट'मध्ये लॉगफोरजे-कोअरची २.१७.१ किंवा पुढची आवृत्ती लिहा. फक्त लॉगफोरजे-एपीआय दिसलं तर घाबरू नका, डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेली लॉगफोरशेल नावाची सुरक्षेतली खोट कोअरमध्ये होती. एक मात्र आहे: काही जार (जावा कोडच्या बांधलेल्या फाइली) दुसऱ्या लायब्ररीचे क्लास स्वतःच्याच पोटात भरून येतात, त्यांना शेडेड जार म्हणतात. ते या झाडात दिसतच नाहीत. तशी शंका असेल तर जार उघडून आत 'जेएनडीआयलुकअप' हा क्लास आहे का ते बघा. सापडला तर कोअर आतच बसलंय.