उपकेंद्राला कुलूप असेल, तर विषय कुठे मांडावा?

प्रश्न : आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, हमरस्त्यापासून बरेच आत आहे. गावातील उपकेंद्राला बहुतेक दिवस कुलूप असते आणि लसीकरणाचा दिवस सोडल्यास सिस्टर क्वचितच भेटतात. मागील ग्रामसभेत मी हा विषय काढला, तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, “तू काहाले बोलतं वं, बस खाली,” आणि विषय तिथेच संपला. आमच्या बचत गटातील बायांना वाटते की तक्रार केल्यास सिस्टर राग धरतील आणि अडीअडचणीला धावून येणार नाहीत. शिवाय आमच्यापैकी अनेकींना लिहिता येत नाही. आम्ही काय करावे?

उत्तर : ताई, आपल्या मैत्रिणींची भीती खरी आहे. ज्या बाईच्या हातून उद्या आपल्या लेकराला सुई टोचून घ्यायची, तिच्याविरुद्धच्या अर्जावर आज अंगठा कोण देईल? म्हणूनच माझे मत असे की, तक्रार सिस्टरांविरुद्ध करू नये, मागणी उपकेंद्रासाठी करावी. सरकारी निकषानुसार साधारण ५ हजार लोकसंख्येसाठी आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात ३ हजारांसाठी एक उपकेंद्र असते, म्हणजे एकाच सिस्टरकडे अनेकदा तीन-चार गावे येतात आणि आपल्या दाराला कुलूप असते त्या वेळी त्या शेजारच्या गावात लस देत असण्याची शक्यता असते. त्या खरोखरच गैरहजर असतात की दुसरीकडे कामावर असतात, हे कळल्याशिवाय तोंड उघडले, तर पहिल्याच प्रश्नाला आपण अडखळतो.

माझ्या पाहण्यातील एका गावातील बायांनी यावर साधी युक्ती केली होती. अंगणवाडीच्या भिंतीवरील कॅलेंडरवर, पाण्याला जाता-येता, दररोज एक खूण करायची : कुलूप असेल तर फुली, दार उघडे असेल तर गोल. दोन महिन्यांनी त्यांनी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर अर्जासोबत ती दोन पाने ठेवली. साहेबांनी अर्ज बाजूला सारला आणि बोटाने फुल्या मोजल्या. चौकशीत निघाले ते असे की, प्राथमिक आरोग्य केंद्रातील एक पद रिकामे असल्यामुळे याच सिस्टरांना आठवड्यातून दोन दिवस तिकडे प्रसूतीच्या कामाला बोलावले जात होते. पद लगेच भरले गेले नाही, हेही सांगितले पाहिजे. मात्र उपकेंद्र कोणत्या वारी उघडे राहील याची पाटी दारावर लागली आणि ती पाळली गेली. सिस्टर त्या बायांवर रागावल्या तर नाहीतच, उलट त्यांच्या डोक्यावरील जादा भाराची नोंद पहिल्यांदाच कागदावर आली.

आता ग्रामसभेविषयी. कायद्याप्रमाणे प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. अनेक गावांत ती केवळ सह्यांपुरती होते, हे आपणांस माझ्याहून अधिक ठाऊक असेल. ती खरोखर भरावी असा आग्रह धरा, तिथे उपकेंद्राचा ठराव करून घ्या आणि तो ग्रामसभेच्या प्रोसिडिंग बुकात उतरला की नाही, हे लिहिता-वाचता येणाऱ्या एखाद्या सुनेला डोळ्यांनी पाहायला सांगा. वीस बायांनी केलेला ठराव असला की “बस खाली” म्हणणे तितके सोपे राहत नाही. ठरावाची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना देताना पोच अवश्य घ्यावी. पोचेवाचून दिलेला कागद आमच्याकडे कुणी पाहिलेलाच नसतो. त्याच सभेत गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाकाठी मिळणारा निधी, जो १० हजार रुपयांपर्यंत असतो, कशावर खर्च झाला, हेही विचारावे.

लिहिता न येण्याची खंत बाळगू नये. २००७ मध्ये अमरावतीसह राज्यातील पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा गावकऱ्यांनी सेवेला चांगली, बरी किंवा वाईट अशी श्रेणी हिरव्या, पिवळ्या व लाल रंगांत दिली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ती मांडली. तोंडी सांगितलेलेही वाया जात नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आदिवासींना दवाखाना कसा हवा असे विचारले, तेव्हा मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते असे उत्तर मिळाले. तो दवाखाना पुढे झोपड्यांच्या रूपात उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले.

प्रश्न : मागील पावसाळ्यात आमच्या शेतावरील मजुराला साप चावला. जवळच्या आरोग्य केंद्रात इंजेक्शन शिल्लक नव्हते, म्हणून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागले. तो वाचला. याची दाद कुठे मागावी? (चंद्रपूर जिल्ह्यातील वाचक)

उत्तर : झाल्या घटनेची लेखी तक्रार तारीख-वेळेसह जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे करावी, परंतु दादा, त्याहून महत्त्वाचे काम मे महिन्यातले आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच इंजेक्शन चालते आणि सरकारी दवाखान्यात ते विनामूल्य मिळायला हवे. रोवणीच्या आधी, १ मेच्या ग्रामसभेतच, आपल्या केंद्रात आज किती कुप्या आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते, असा प्रश्न ठरावाने विचारावा. उत्तर न आल्यास १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज करावा. आपल्या राज्यात असा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. तेवढे दिवस हाती राहावेत, म्हणून अर्ज मेच्या पहिल्या आठवड्यातच द्यावा. जूनमध्ये दिला, तर उत्तर येईपर्यंत बांधावर साप निघालेले असतील.