सकाळी 41, संध्याकाळी 58: लिस्ट मोजाची कशी?

प्रश्न: भाऊ, मी आर्वी तालुक्यातला, गावाजवळच्या एका जिनिंगवर गेट एन्ट्रीचं काम करून राह्यलो. वही सुटावी म्हणून सी शार्पमधे छोटासा प्रोग्राम लिहिला, लिस्टमधे गाडी, शेतकऱ्याचं नाव, माल, सगळं पडते. कापसाच्या गाड्या वेगळ्या मोजाले सकाळीच 'व्हेअर' (अटीत बसन तेवढंच निवडणारी आज्ञा) लावून एका व्हेरिएबलमधे ठेवल्या. अकरा वाजता काउंट घेतला त 41, संध्याकाळी त्याच व्हेरिएबलचा 58. मधात त्याले कोणी हात नाही लावला. मालक म्हणते, यापेक्षा दिवाणजीची वही बरी. चुकते कुठी?

उत्तर: दोन्ही आकडे बरोबर आहेत, आधी मालकाले हे सांगा.

तुम्ही व्हेअर लावला तेव्हा गाड्या बाजूले काढल्याच गेल्या नाहीत, फक्त अट लिहून ठेवल्या गेली. म्हणजे गेटवरच्या पोराले तुम्ही सांगून ठेवलं की कापूसवाल्या मोज, पण तो जागचा उठते तुम्ही 'किती?' म्हणाल तेव्हाच, अन् दर वेळी लाइनीच्या पहिल्या गाडीपासून नव्यानं मोजत जाते. दिवसभर लिस्टमधे गाड्या पडतच होत्या, मंग 17 वाढल्या त्यात नवल काय. सी शार्पमधलं हे लिंक (LINQ, म्हणजे व्हेअर, काउंटसारख्या आज्ञांची सोय) 2007 पासून असंच चालते. अकरा वाजताचाच आकडा पाह्यजे असन त तेव्हाच काउंट काढून साध्या नंबरच्या व्हेरिएबलमधे ठेवा, गाड्यांची यादीही पाह्यजे असन त शेवटी 'टू लिस्ट' लावा, ते त्या घडीची कॉपी काढून देते.

नुसता आकडाच पाह्यजे त व्हेअर लिहाचीही गरज नाही, काउंटच्या कंसातच अट टाका, माल बरोबर कापूस. अन् लिस्टमधल्या एकूण गाड्या पाहाच्या त बिनकंसाचा काउंट वापरा, तो आकडा लिस्टजवळ तयारच असते, मोजा लागत नाही. बरेच जण 'तूर आली का?' एवढ्यासाठी सगळी लिस्ट मोजून शून्यापेक्षा जास्त आहे का पाह्यतात, मले तरी ते वेडेपण वाटते, तिथं 'एनी' लावा, पहिली तूरवाली दिसली की तो थांबते.

एक मात्र तुम्ही इचारलं नाही तरी सांगतो, कारण मालक उद्या हेच इचारन की शेतकरी किती आले. एकाच्या दोन ट्रॉल्या असतात, म्हणून गाड्यांचा काउंट चालत नाही. नावं काढून 'डिस्टिंक्ट' (सारखं नाव एकदाच धरणारी आज्ञा) लावला त 'गजानन' अन् मागं स्पेस पडलेला 'गजानन ' हे दोन माणसं धरते, अन् खरंच दोन गजानन असले त एकच. त्यापेक्षा एन्ट्रीतच मोबाइल नंबर घ्या अन् त्याच्यावर डिस्टिंक्ट लावून मोजा. बापलेक एकाच नंबरवर आले त मात्र दिवाणजीलेच इचारा लागन.