वाचकांचे प्रश्न : स्क्लेरल लेन्स कोणाच्या उपयोगाची?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सादर नमस्कार. माझा मुलगा २१ वर्षांचा आहे. त्याच्या चष्म्याचा नंबर सारखा बदलतो आणि नवा चष्मा लावूनही त्याला अक्षरे दुहेरी दिसतात. तपासणीत केराटोकोनस निघाला. एके ठिकाणी बुबुळ बदलावे लागेल असे सांगितले, तर दुसरीकडे स्क्लेरल लेन्स सुचवली. आमचे काम केळीच्या बागेतले, त्यात उन्हाळ्याची धूळ. अशात लेन्स निभेल का? (एक शेतकरी वाचक, यावल तालुका)

उत्तर : मुलाच्या कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, दाट व्रण नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी स्क्लेरल लेन्स, म्हणजे डोळ्यावर लावायची मोठी कॉन्टॅक्ट लेन्स, लावून पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. केराटोकोनसमध्ये हा पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. त्याचा पृष्ठभाग वेडावाकडा झाल्यामुळे प्रकाशाचे किरण एका ठिकाणी गोळा होत नाहीत आणि हा दोष चष्म्याच्या काचेने भरून निघत नाही, म्हणून नंबर कितीही बदलला तरी अक्षरामागची सावली जात नाही. कॉर्नियाचा व्यास सुमारे ११ ते १२ मिलिमीटर असतो, तर स्क्लेरल लेन्स बहुधा १५ ते १८ मिलिमीटरची असते. त्यामुळे ती कॉर्नियाला स्पर्श न करता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि मधल्या जेमतेम पाव मिलिमीटर पोकळीत सलाइन राहते. या द्रवाने खालचा खडबडीतपणा झाकला जातो आणि प्रकाशाला लेन्सचा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो.

धुळीची आपली काळजी रास्त आहे. मात्र छोट्या सेमी-सॉफ्ट लेन्सखाली कण शिरून डोळा खुपतो, तसे येथे सहसा होत नाही, कारण या लेन्सच्या कडा पापण्यांखाली दबलेल्या असतात. फवारणी करताना मात्र लेन्स असली तरी गॉगल हवाच.

एक गोष्ट कृपया नीट समजून घ्यावी. लेन्सने दिसू लागते, पण आजार थांबत नाही. काही महिन्यांच्या अंतराने कॉर्नियाचा नकाशा, म्हणजे टोपोग्राफी, काढून शंकू वाढतो आहे का ते पाहावे लागते, आणि वाढत असल्यास रायबोफ्लेविनचे थेंब व अतिनील किरण वापरून केले जाणारे क्रॉस-लिंकिंग, म्हणजे कॉर्निया घट्ट करून शंकूची वाढ रोखण्याचे उपचार, वेळेत करून घ्यावे लागते. मुलाचे डोळे ॲलर्जीने खाजत असतील तर त्यावर औषध घ्यावे; डोळे चोळण्याची सवय या आजारात फार घातक ठरते. बुबुळ बदलल्यानंतरही नवा कॉर्निया अनेकदा वाकडा बसतो आणि पुन्हा याच लेन्सची गरज पडते, हेही निर्णय घेताना ध्यानात असावे.

हैदराबादची एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूट आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय येथे अशा लेन्स बसवल्या जातात. मुंबई-पुण्यातही सोय आहे. लेन्स घातल्यावर काही तासांत ती थोडी खाली बसते आणि माप पुन्हा पाहावे लागते, म्हणून खानदेशातून जाताना मुक्कामाच्या तयारीने जावे.

प्रश्न : कापूस वेचणीनंतर पऱ्हाटी उपटताना माझ्या डोळ्याला काडी लागली. बुरशीचा संसर्ग बरा झाला, पण बुबुळावर फूल पडले आहे. मला या लेन्सचा उपयोग होईल का? शिवाय माझ्या बहिणीचे डोळे एका गोळीच्या रिॲक्शनमध्ये संपूर्ण कोरडे झाले आहेत, तिला उजेडही सहन होत नाही. (एक वाचक भगिनी, शिरपूर)

उत्तर : फूल मध्यभागी आणि दाट पांढरे असेल तर प्रकाशच अडतो, तेथे लेन्स काही करू शकत नाही. ते फिकट किंवा बाजूला असून पृष्ठभाग ओबडधोबड झाला असेल, तर मात्र चांगला फरक पडू शकतो. तपासणीच्या वेळी एक चाचणीची कडक लेन्स डोळ्यावर ठेवून तक्ता वाचायला लावतात. त्यात दोन-तीन ओळी अधिक वाचता आल्या, तर आशा धरायला हरकत नाही.

आपल्या बहिणीला या लेन्सची गरज आपल्याहून अधिक असावी. औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेत, म्हणजे स्टीव्हन्स-जॉन्सन विकारात, पापण्यांच्या आतल्या कडा खरखरीत होतात आणि प्रत्येक उघडझापीला कॉर्निया खरवडला जातो. लेन्स त्या दोहोंमध्ये आड येते आणि कॉर्निया दिवसभर सलाइनमध्ये भिजलेला राहतो. डोळ्यात चुना उडून भाजलेल्या किंवा चेहऱ्याच्या पक्षाघाताने पापणी मिटत नसलेल्या रुग्णांनाही ती अशीच जपते. अश्रूंची कमतरता असलेल्या अशा डोळ्यांत संसर्गाचा धोका जास्त असतो, म्हणून नियमित तपासणी चुकवू नये.

लेन्स घालताना वाटीसारखी धरून ती प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाइनने काठोकाठ भरावी, चेहरा जमिनीशी समांतर खाली वाकवावा आणि मगच ती डोळ्याला लावावी, नाहीतर आत हवेचा बुडबुडा राहतो. दुपारनंतर धूसर दिसू लागले, तर काढून ताजे सलाइन भरून पुन्हा घालावी. रात्री ती काढूनच झोपावे. बोअरचे असो वा फिल्टरचे, पाणी लेन्सला लावू नये. पाण्यातल्या अकँथअमीबा या जंतूने डोळा कायमचा जाऊ शकतो.

प्रश्न : माझा नंबर उणे ४ आहे, चष्म्याने स्वच्छ दिसते. मी स्क्लेरल लेन्स घ्यावी का? (विद्यार्थिनी, धुळे)

उत्तर : नाही. आपला कॉर्निया निरोगी असेल तर साधी सॉफ्ट लेन्स किंवा आहे तो चष्माच पुरेसा आहे; ही महागडी आणि निगराणीची लेन्स घेऊन आपल्याला अधिक काही मिळणार नाही.