आधी लिहून घे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

‘ही मांजरं त्यांना दिली तर मी स्वतःलाच विकल्यासारखं होईल का, काकू?’ हा तुझा प्रश्न रात्रभर डोक्यात घोळला आणि सकाळी मला त्याचा राग आला. तुझी मांजरांची चित्रं कॅलेंडरवर आणि कॉफीच्या मगवर छापायला मागणाऱ्या बाणेरच्या त्या कंपनीने करारात ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत’ असं ठोकून दिलंय आणि तू आत्म्याचं काय होईल ते विचारतेस! आत्म्याचं नंतर बघू. ते कलम परत वाच.

कसब्यातल्या पडत्या वाड्यांमधली तुझी मांजरं मला आवडतात, हे तुला माहीत आहे. कर्वेनगरच्या खोलीचं भाडं मांजरांना कळत नाही, हेही माहीत आहे. मग यात गोंधळ कसला? कॅलेंडर करायचं असेल तर कर. कॉफीचे मग करायचे असतील तर तेही कर. फक्त काय दिलं, किती वर्षांसाठी दिलं आणि काय दिलं नाही, ते लिहून घे.

लोणावळा लोकलने जाताना मळवली लागतं ना, तिथे राजा रविवर्म्याचा छापखाना होता. सुरू झाला 1894 मध्ये मुंबईत, पुढे तिथे हलवला. संस्थानिकांची पोर्ट्रेटं पैसे घेऊन करणारा हा माणूस देवादिकांची छापील चित्रं घराघरांत विकायला निघाला. ‘कॅलेंडरछाप’ म्हणून पुढच्या शहाण्यांनी नाकं मुरडली, मुरडू देत. पण धंदा कर्जात गेला, छापखाना एका जर्मन तंत्रज्ञाच्या हातात गेला आणि चित्रं छापायचे हक्कही त्याच्याबरोबर गेले. मला हळहळ वाटते ती याची. उलट दीनानाथ दलाल बघ. ढिगाने मुखपृष्ठं केली, दुसऱ्यांच्या पुस्तकांची, दुसऱ्यांच्या तारखांवर. आणि 1945 मध्ये ‘दीपावली’ हे स्वतःचं नियतकालिक काढलं. चित्रकारही तेच आणि मालकही तेच, अशी एक तरी जागा त्यांनी स्वतःकडे ठेवली. तुझी ती जागा म्हणजे ही मांजरं. तीच तू सहीसकट द्यायला निघाली आहेस.

आता जरा कंटाळवाणं. वाच तरी. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच देता येतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द त्यांच्या वकिलाने मुद्दाम घातलेत. तुझी आजवरची मांजरं तू आपणहून काढलीस, कोणाच्या सांगण्यावरून नाही. तेव्हा सही करेपर्यंत ती तुझीच आहेत. मूळ चित्र कोणी विकत घेऊन भिंतीवर लावलं, तरी ते छापायचा हक्क त्याला मिळत नाही. पण उद्या ते म्हणाले, ‘आमच्यासाठी आणखी बारा रंगवून द्या, पैसे घ्या’, तर पारडं फिरतं. पैसे देऊन सांगून करून घेतलेल्या पेंटिंगचा पहिला मालक कलम 17 प्रमाणे पैसे देणारा ठरतो. वेगळा करार केला असेल तरच तू. म्हणजे जुन्या चित्रांना तुझं गप्प राहणं वाचवतं, नव्यांना तेच बुडवतं. आणि हे हक्क तू गेल्यावरही साठ वर्षं चालतात. कळलं, कशाला लिहून घ्यायचं?

नावाचं वेगळं. हक्क दिले तरी ‘हे मी काढलंय’ म्हणायचा आणि चित्राची मोडतोड करून बदनामी केली तर भांडायचा अधिकार कलम 57 मुळे तुझ्याकडेच राहतो. तरी नाव छापायचं, हेही लिहून घे.

मी हे सगळं मागायला लागले तेव्हा अप्पा बळवंत चौकातल्या एका प्रकाशकांनी हसून चहा मागवला आणि म्हणाले, ‘आपल्यात कागद कसला, वहिनी?’ आपल्यात! मुखपृष्ठाच्या दुसऱ्या आवृत्तीचे पैसे मागितले की हे ‘आपल्यात’ कुठे जातं, ते मी पाहिलेलं आहे. माझं नाव ‘वकीलीणबाई’ पडलं. दिवाळी अंकांची कामं एकेक करून बंद झाली. एक संपादक तर आमच्या घरचेच म्हणावेत असे. त्यांच्याकडेही मी कागद मागितला. त्यांनी सही केली, पण त्यानंतर आमच्याकडे आले नाहीत, शेवटपर्यंत. याचा सल मला आहे. तरी कागद मागितला ते बरोबरच केलं, असं मी आजही म्हणते. घरच्या माणसाकडे मागायचा नाही, मग परक्याकडे कोणत्या तोंडाने मागणार?

मग खाल्लं काय? लग्नपत्रिकांची अक्षरं काढली, मंडळांच्या देखाव्यांचे पडदे रंगवले, एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे क्लास घेतले. त्यात माझं स्वातंत्र्य कुठे गेलं नाही. पडद्यावर मंडळाला हवा तसाच शिवाजी काढला, अगदी चोख, आणि घरी येऊन माझे वाडे काढले, जे कोणीच मागितले नव्हते. दोन्ही कामांत मी खोटेपणा केला नाही. माझ्याबरोबर शिकलेला एकजण सगळ्याला ‘हो’ म्हणत गेला, त्याचा आज औंधात फ्लॅट आहे. मला हेवा वाटत नाही, असं नाही. आणि तुझ्याशी लपवाछपवी नको: आमचं घर सासऱ्यांचं होतं, भाडं द्यावं लागत नव्हतं. माझा ताठा त्या भिंतींवर उभा होता. तुझ्याकडे त्या भिंती नाहीत, म्हणून तर तुला कागद माझ्यापेक्षा जास्त हवा.

छोट्या उद्योगांसाठी सरकारची ‘उद्यम’ नोंदणी असते, ती कर. ऑनलाइन होते, फुकट. मग तुझं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करणं त्यांना कायद्याने भाग आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. बिलाच्या तळाशी तसं छापून टाक. व्याज बहुधा मिळणार नाही, पण छापलेलं पाहून माणसं सरळ होतात.

संध्याकाळच्या आत त्यांना मेल जाऊ दे. कॅलेंडर, एक वर्ष, फक्त भारत. कॉफीच्या मगांना वेगळा दर. पात्रं माझी, पुढच्या गोष्टी माझ्या. निम्मे पैसे आगाऊ. ‘कृपया विचार व्हावा’ वगैरे अजिजी नको. मसुदा आधी मला पाठव. तुझ्या मेलमध्ये ‘सॉरी’ फार असतं.

ते नाही म्हणाले, तर माझ्या क्लासला ये. इंटरमिजिएटच्या पोरांचं मेमरी ड्रॉइंग कच्चं आहे आणि माझे गुडघे आता तासभर उभं राहू देत नाहीत. आठवड्यातून दोन दिवस पुरे. मानधनाचा आकडा तू सांग, मी घासाघीस करीन.

तुझी,
काकू
सदाशिव पेठ, पुणे