रात्री काही न खाता सकाळी साखर वाढते कशी?

तुम्ही विचारलंय की नवरात्रात आई संध्याकाळच्या फराळानंतर काहीच खात नाही, तरी सकाळी साखर 160 येते, आणि दादा म्हणतो ती चोरून खाते. टेन्शनमुळे असं होतं का?

आधी दादाला आईवर आळ घेणं बंद करायला सांगा. घरोघरी मधुमेही बायकांना हेच ऐकावं लागतं, त्याची मला मनस्वी चीड आहे. न खाताही साखर वाढते, कारण ती यकृतातून येते.

मोठ्या माणसाच्या यकृतात जेवणानंतर साधारण 100 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं. स्नायूंत त्याच्या तीन-चार पट, पण ते फोडून रक्तात सोडायला लागणारं ग्लुकोज-6-फॉस्फेटेज हे एन्झाइम स्नायूंकडे नसतं. मेंदूला एकट्याला दिवसाला सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणून रात्रभर यकृत साठा मोडत राहतं. कडक उपवासात तो दिवसभरात संपत येतो, मग लॅक्टेट, ग्लिसरॉल आणि अमिनो आम्लांपासून नवी साखर बनते. या दोन्हींना आवर घालतं इन्शुलिन, आणि मधुमेहात तेच कमी पडतं.

आता टेन्शनचं. ताणाच्या हार्मोन्सपैकी अॅड्रेनॅलिन काही मिनिटांत साठा फोडतं. कॉर्टिसॉलला तास लागतात. ते स्नायूंतली प्रथिनं मोडून यकृताला कच्चा माल पुरवतं आणि तिथे ग्लायकोजेन भरायलाही लावतं. ‘ताण आला की यकृत रिकामं’ असं ठोकून देणारे हे सांगतच नाहीत. पहाटे कॉर्टिसॉल तसंही चढतं, टेन्शन असो वा नसो.

दोन-तीन रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर ग्लुकोमीटरवर मोजा. हात धुऊन, कारण केळं सोललेल्या बोटावर आकडा खोटा येतो. तीनला ठीक आणि उठल्यावर जास्त असेल तर काम पहाटेच्या हार्मोन्सचं. झोपतानाच 200 असेल तर साबुदाणा खिचडीचं, आणि ती आईने सगळ्यांसमोरच खाल्लेली असते. तीनला 70 च्या खाली आली तर औषध जास्त होतंय. तेव्हा तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा आणि सकाळीच डॉक्टर गाठा.

हो, ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्शुलिन चालू असेल तर डोस ठरवून घेतल्याशिवाय उपवास नको. लांबलेल्या उपवासात साठा संपल्यावर साखर घसरली, तर यकृताला साठा फोडायला लावणाऱ्या ग्लुकागॉन हार्मोनचं इंजेक्शनही नीट लागू पडत नाही, कारण फोडायला यकृतात काही उरलेलंच नसतं.